गळ्यात पेनड्राइव्ह, दारात चावी

ताई,

मी नाशिकचा, वय 27. आम्ही तिघं मित्र दोन वर्षांपासून एक गेम बनवतोय. शिवकाळातला हेर रात्रीच्या अंधारात गड चढतो, पहारे चुकवतो, खलिता पोचवतो. गेम युनिटीमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आहे, आधी अँड्रॉइडवर आणि मग पीसीवर आणायचाय. कोड मी आणि सुयोगनं मिळून लिहिला, चित्रं ओंकार काढतो, संगीत एका फ्रीलान्सरकडून पैसे देऊन करून घेतलं. दिवाळीत सुयोगशी पैशांवरून वाजलं आणि तो हैदराबादला नोकरीला निघून गेला. त्याच्या लॅपटॉपवर अख्खा प्रोजेक्ट आहे. तेव्हापासून माझी झोप उडालीय. जीटीए 6 या गेमचं काम फुटलं तेव्हा काय झालं ते वाचलं की पोटात गोळा येतो. एवढ्या मोठ्या कंपनीचं फुटतं तर आमचं काय? म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी गिटहबवरचा (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा अख्खा साठा, सरळ डिलीट केला. आता सगळं माझ्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर आहे. पेनड्राइव्ह मी दोरीला बांधून गळ्यात घालतो, आई विचारते ताईत कुणाकडून आणलास. ओंकारलाही आता प्रोजेक्ट देत नाही, नुसतं बिल्ड, म्हणजे तयार चालणारा गेम, पाठवतो. तो हल्ली नीट बोलत नाही. मावसभाऊ म्हणतो चांगला ऑब्फस्केटर, म्हणजे कोड गुंतवून टाकणारं साधन, विकत घे, मग कुणाच्या बापाला कोड वाचता येणार नाही. घेऊ का? आणि सुयोगवर पोलिसात तक्रार करता येईल का? तसा रेपो मागे एकदा चुकून दोन दिवस पब्लिक राहिला होता, पण लक्षात आल्यावर मी लगेच प्रायव्हेट केला, त्यामुळे तिकडून काही भीती नाही.

– झोप उडालेला

(पत्रातली नावं बदलली आहेत.)

झोप उडालेल्या भावा,

पेनड्राइव्हचं वाचून मी आधी हसले आणि मग मला घाम फुटला. पुढचं वाचण्याआधी ऊठ आणि प्रोजेक्टची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढ. गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) लपलेल्या फोल्डरसकट काढ. ती डिस्क तुझ्या घरात ठेवू नकोस, मावसभावाकडे दे; ऑब्फस्केटरपेक्षा त्याचा हा उपयोग जास्त. मग गिटहबच्या सेटिंगमध्ये जा. डिलीट केलेला रेपो बहुतेक वेळा 90 दिवसांच्या आत परत आणता येतो, तुला तीनच आठवडे झालेत. आण परत, प्रायव्हेटच ठेव. मी इथेच आहे.

झालं? आता सांगते घाम का फुटला. 2011 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एका चिमुकल्या टीमच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली. ही पोरं ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ नावाचा गेम बनवत होती. चोरानं दोन लॅपटॉप उचलले. त्याला कोडशी काही देणंघेणं नव्हतं, लॅपटॉप विकून चार पैसे मिळतील एवढाच हिशेब. पण नव्या आवृत्तीचं कितीतरी काम त्या दोन मशीनवरच होतं आणि बाहेर ताजा बॅकअप नव्हता. आधीच पैसे भरून बसलेले लोक वैतागले, शिव्या पडल्या, आणि टीमला गेलेलं काम पुन्हा लिहावं लागलं. गेम जगला, आजही लोक तो खेळतात, पण तो त्यांच्या चिकाटीमुळे. तुझ्याकडे दोन प्रती आहेत आणि दोन्ही एकाच माणसाच्या अंगाखांद्यावर आहेत. सीबीएसवर गर्दीत बॅग गेली, किंवा लॅपटॉपवर चहा सांडला आणि त्याच आठवड्यात पेनड्राइव्ह रुसला (पेनड्राइव्ह रुसतातच), तर सुयोगच्या लॅपटॉपवरची प्रत हीच जगातली शेवटची प्रत ठरेल. मग त्याला फोन करून काय म्हणशील?

आता जीटीएकडे येऊ. तुझी सगळी भीती तिथून आलीय, आणि त्या गोष्टीचा खरा भाग तू बहुतेक वाचला नाहीस. सप्टेंबर 2022 मध्ये जीटीए 6 च्या चालू कामाच्या 90 क्लिपा फुटल्या. करणारा अठराच्या आतबाहेरचा इंग्लिश पोरगा. आधीच्या हॅकिंगच्या प्रकरणात तो जामिनावर होता, पोलिसांनी त्याला एका हॉटेलात ठेवलं होतं, लॅपटॉप काढून घेतला होता. त्यानं काय वापरलं? हॉटेलचा टीव्ही, त्याला लावलेली ॲमेझॉनची फायर स्टिक आणि एक मोबाइल. तेवढ्यावर तो जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या स्लॅकमध्ये, म्हणजे त्यांच्या ऑफिसच्या गप्पांच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि तिथूनच धमकी टाकली. सावरायला 50 लाख डॉलर आणि कर्मचाऱ्यांचे हजारो तास गेले, असं कंपनीनं कोर्टात सांगितलं.

त्याच्या वर्षभर आधीची ईए या गेम कंपनीची गोष्ट मला जास्त आवडते, म्हणजे शिकवायला आवडते. जून 2021. फिफा 21 चा सोर्स कोड आणि त्यांच्या फ्रॉस्टबाइट इंजिनाचं सामान, सगळं मिळून 780 जीबी. सुरुवात झाली 10 डॉलरपासून. चोरांच्या बाजारात कुणाच्या तरी ब्राउझरमधली चोरलेली कुकी 10 डॉलरला मिळाली. कुकी म्हणजे ‘हा आधीच लॉगिन झालेला आहे, पुन्हा पासवर्ड विचारू नका’ असं सांगणारी चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर ते ईएच्या स्लॅकमध्ये घुसले. पुढच्या दाराला दुसरं कुलूप होतं, मोबाइलवर कोड यायचा. मग त्यांनी आयटी सपोर्टला मेसेज केला की काल रात्री पार्टीत फोन हरवला हो, जरा नवा कोड द्या. सपोर्टवाल्यानं दिला.

आणि सगळ्यात जुनी गोष्ट 2003 ची. हाफ-लाइफ 2 हा गेम सप्टेंबरच्या 30 तारखेला येणार होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचा कोड नेटवर आला. जर्मनीतला एक तरुण चाहता तो बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीच्या नेटवर्कमध्ये कित्येक महिने वावरत होता, कंपनीच्या प्रमुखाचं ईमेलही वाचलं जात होतं. गेम शेवटी 16 नोव्हेंबर 2004 ला आला. म्हणजे कोड फुटलेला गेम वर्षभरानं बाजारात आला आणि तरी जगभर खपला. ही शेवटची गोष्ट रात्री झोप येत नसेल तेव्हा आठव.

या तिन्हींत एन्क्रिप्शन कुणी फोडलं नाही की गणित सोडवलं नाही. कुणाचं तरी लॉगिन, कुणाचा तरी भाबडेपणा, कुणाचं तरी मशीन. वाड्याची भिंत फोडायला कुणी बसत नाही, माणसं दिंडी दरवाजानं आत येतात. आणि तुझ्या दिंडी दरवाजाची चावी दारातच लटकतेय.

ती कुठली, सांगते. पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंस की रेपो दोन दिवस पब्लिक होता, पण लगेच प्रायव्हेट केला, त्यामुळे भीती नाही. अख्ख्या पत्रात मला भीती वाटली ती याच वाक्याची! गिटहबवर पब्लिक झालेल्या प्रत्येक फाइलवर बॉट नजर ठेवून बसलेले असतात. त्यांना तुझा हेर, तुझा गड, तुझं मराठी कशाशी घेणं नाही. ते शोधतात क्लाउडच्या (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरच्या) की, म्हणजे गुप्त चाव्या, डेटाबेसचे पासवर्ड, टोकन. दोन दिवस फार झाले, त्यांना मिनिटं पुरतात. टोयोटाच्या एका कंत्राटदारानं डिसेंबर 2017 मध्ये गाडीच्या ॲपचा काही कोड चुकून पब्लिक रेपोत टाकला. त्यात ग्राहकांच्या डेटा सर्व्हरची की होती. सप्टेंबर 2022 पर्यंत, म्हणजे पावणेपाच वर्षं, ती तिथेच होती. सुमारे 2 लाख 96 हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. नुकसान कोड वाचल्यानं होणार नव्हतं, होणार होतं ते कोडमध्ये विसरलेल्या एका ओळीनं.

मीही यातून गेलेय, म्हणून शहाणपणा शिकवतेय असं समजू नकोस. एका शुक्रवारी संध्याकाळी घाईत पुश केलं, म्हणजे कोड गिटहबवर चढवला, आणि क्लाउडची की त्यात गेली. शनिवारी सकाळी पोहे खाताना बिलाच्या इशाऱ्याचा मेल आला. माझ्या नावावर कुणीतरी परदेशात रात्रभर मशिनी चालवत होतं. मी काय केलं असेल? घाबरून ती ओळ कोडमधून पुसली आणि नवी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, टाकली. म्हणजे काहीच केलं नाही. गिट विसरत नाही, त्याचा जन्मच त्यासाठी झालाय. आजच्या फाइलमधून की काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी बसलेली असते, आणि रेपो कुणी क्लोन केला, म्हणजे आपल्याकडे उतरवून घेतला, की तिच्यासकट जातो.

म्हणून आज रात्रीचं काम क्रमानं कर, क्रम महत्त्वाचा आहे. रेपोत आजवर कधीही गेलेली प्रत्येक की, पासवर्ड, टोकन आठव. लीडरबोर्डचा (खेळणाऱ्यांच्या गुणांच्या यादीचा) डेटाबेस, जाहिरातींचं खातं, ईमेल पाठवणारी सेवा, सगळं. त्या त्या ठिकाणी जाऊन जुनी की रद्द कर, नवी बनव. हे झालं म्हणजे कुलूपच बदललं, मग जुनी चावी कुणाकडे का असेना. त्यानंतर सवड काढून ‘गिट फिल्टर-रेपो’ नावाच्या साधनानं इतिहास धू. नव्या की रेपोच्या बाहेर ठेव, फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत, टाक. आणि ॲपवर सही करायची की ज्यात असते ती अँड्रॉइडची कीस्टोअर फाइल बघ. मी दहा रुपयांची पैज लावते, ती आणि तिचा पासवर्ड एकाच फोल्डरमध्ये आहेत. प्ले स्टोअरवर चाचणीसाठी काही चढवलं असेल तर प्ले कन्सोलमधून अपलोड की बदलून मागता येते. खरी सही करणारी की गूगलकडेच असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आता दुसरं दार. तुमच्या गेमच्या नावानं एक जीमेल असेल. असतंच. त्याचा पासवर्ड तिघांना पाठ असेल, आणि प्ले कन्सोल, युनिटी, डिस्कॉर्ड, स्टीम सगळं त्यावरच उघडलेलं असेल. त्या जीमेलचा रिकव्हरी नंबर कुणाचा आहे? दोन वर्षांपूर्वी खातं उघडताना ज्याचा फोन हातात होता त्याचा. तो सुयोग असेल तर तू कोड गळ्यात बांधून फिरतोयस आणि घराची सनद हैदराबादला आहे. त्यानं काही केलं नसेल, करणारही नाही. पण त्याचा फोन चोरीला गेला तर? नंबर बदल, पासवर्ड बदल, दोन टप्प्यांचं लॉगिन लाव. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं. बॅकअप कोड कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेव, दागिन्यांच्या डब्याशेजारी. मग गिटहब, युनिटी, ड्राइव्ह, कन्सोल, डिस्कॉर्ड अशी एकेक यादी उघडून त्याची नावं काढ. सूड म्हणून नव्हे. माणूस काम सोडून गेला की किल्ल्या परत घेतातच, भांडण झालेलं नसलं तरी.

लहान टीमवर हल्ली सगळ्यात जास्त चालणारी युक्ती सांगून ठेवते. डिस्कॉर्डवर ओळखीच्या नावानं मेसेज येतो, ‘मी पण गेम बनवलाय, जरा खेळून सांग ना.’ फाइल उघडली की पडद्यावर काहीच होत नाही किंवा एरर येतो, आणि तेवढ्यात ब्राउझरमधल्या कुकी नि टोकन निघून गेलेले असतात. ईएच्या गोष्टीतली 10 डॉलरची कुकी बाजारात अशाच वाटांनी येते. नोकरीच्या मुलाखतीचं सोंग घेऊनही हेच करतात, ‘हा छोटा प्रोजेक्ट चालवून दाखवा’ म्हणतात. ज्या मशीनवर तुझा रेपो आहे त्यावर परक्याचं काहीही चालवायचं नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअरही नाही. ओंकार चित्रं कशात काढतो ते एकदा प्रेमानं विचार.

ऑब्फस्केटर. नको घेऊस.

थोडं कारण देते, नाहीतर मावसभाऊ मला नावं ठेवेल. युनिटीमध्ये बिल्ड करायचे दोन मार्ग. मोनोनं केलंस तर तुझा सगळा सी शार्प कोड एका डीएलएल फाइलमध्ये जातो. ती फुकटच्या साधनात उघडली की फंक्शनच्या नावांसकट जवळजवळ तू लिहिलास तसा कोड समोर येतो. तिथे मावसभावाची काळजी खरी आहे. पण आयएलटूसीपीपी वापरलंस तर कोड आधी सी प्लस प्लसमध्ये आणि मग थेट मशीनच्या भाषेत जातो, त्यातून मूळ कोड परत काढणं हे फार चिकाटीचं काम. आणि गंमत म्हणजे अँड्रॉइडवर प्ले स्टोअरसाठी तुला तेच वापरावं लागतं. ऑगस्ट 2019 पासून प्ले स्टोअरला 64 बिट बिल्ड सक्तीचं आहे आणि युनिटीत अँड्रॉइडचं 64 बिट बिल्ड त्याच मार्गानं होतं. पीसीच्या बिल्डलाही सेटिंगमध्ये तोच पर्याय निवड. फुकट आहे. क्लासची नि फंक्शनची नावं, कोडमध्ये लिहिलेली वाक्यं त्यातही शोधता येतात, म्हणून बिल्डमध्ये कसलीही गुप्त की ठेवायची नाही. खेळणाऱ्याच्या फोनमध्ये गेलेली कुठलीही गोष्ट त्याची झाली असं धरून चाल. लीडरबोर्डला ‘मला 9 लाख गुण मिळाले’ असं फोननं सांगितलं म्हणून सर्व्हरनं मान डोलवायची नाही. दोन मिनिटांच्या खेळात एवढे गुण शक्य आहेत का, ते सर्व्हरनं तपासायचं. जानेवारी 2023 मध्ये रायट गेम्सचा लीग ऑफ लेजंड्सचा कोड चोरीला गेला. त्यांनी खंडणी देणार नाही असं जाहीर केलं, आणि चिंता बोलून दाखवली ती नव्या चीटची, म्हणजे खेळात लबाडी करायच्या साधनांची. ऑनलाइन गेमवाल्याचं दुखणं ते आहे. तुझा हेर एकटाच गड चढतो, तुझं दुखणं त्या मानानं सर्दी.

आणि एक विचारू? रागावू नकोस. तुझा कोड नेमका कुणाला हवाय? नक्कल करणारा कोड वाचत बसत नाही, तो गेम खेळतो आणि आपला बनवतो. फेब्रुवारी 2014 मध्ये ‘थ्रीज’ नावाचं आकड्यांचं कोडं आलं, दोघातिघांनी 14 महिने घासून बनवलेलं. महिन्याभरात त्याच्या नकला निघाल्या आणि त्या धांदलीत एका 19 वर्षांच्या इटालियन मुलानं शनिवार-रविवारात बनवलेलं ‘2048’ जगभर पसरलं. तुझ्या आईच्या फोनमध्येही तेच असेल. थ्रीजची एक ओळही चोरीला गेली नव्हती. उलट, काहींनी कोड स्वतःच वाटून टाकलाय. आयडी सॉफ्टवेअर कंपनीनं डूम या गेमचा सोर्स 1997 मध्ये खुला केला, चित्रं नि लेव्हल मात्र स्वतःकडे ठेवल्या, आणि डूम अजून विकला जातो. ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ (सहा व्ही, मोजलेत) या गेमला 10 वर्षं झाली तेव्हा, 2020 च्या जानेवारीत, त्याच्या कर्त्यानं कोड सगळ्यांसमोर ठेवला. आत एकच अवाढव्य स्विच (‘असं असेल तर हे कर’ अशी यादी) निघाला, तीनशेच्या वर केसचा. प्रोग्रामर लोकांनी पोट धरून हसून घेतलं आणि गेम पुन्हा डाउनलोड केला. आपला कोड कुणी पाहील या भीतीत अर्धी लाजच असते असं मला अनेकदा वाटतं. तुझ्या ‘प्लेअर कंट्रोलर फायनल 2 नवा’ या फाइलची मला कल्पना आहे.

मग जपायचं काय? तुझ्याकडे जपण्यासारखं आहे ते ओंकारची मूळ चित्रं, अजून न दाखवलेले गड, गोष्टीचा शेवट, आणि तुमच्या माणसांची खाजगी माहिती. डिसेंबर 2023 मध्ये इन्सोम्निॲक स्टुडिओचा पावणेदोन टीबीच्या आसपासचा डेटा फुटला. चर्चा झाली वुल्व्हरीनच्या गेमची, पण त्यात कर्मचाऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रतीही होत्या. संगीतवाल्या फ्रीलान्सरचं पॅनकार्ड आणि बँकेचा तपशील तुझ्या ड्राइव्हमध्ये कुठल्या फोल्डरमध्ये पडलाय, तेही आज बघ.

आता सुयोग. इथे तुला जरा कडू लागेल.

पोलिसात जाऊन काय सांगशील? माहिती तंत्रज्ञान कायद्यात सोर्स कोड चोरण्याचा उल्लेख आहे, कलम 43 मध्ये, आणि बेइमानीनं केलं असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण सुयोगनं तुझ्या परवानगीनं, तुझ्या डोळ्यांसमोर, गेम बनवण्यासाठी ती प्रत घेतली होती. अजून त्यानं ती कुणाला दिलेली नाही, विकलेली नाही. कशाची तक्रार?

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’ धरला जातो, आणि कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पगारी नोकरीत लिहिलं तर मालक कंपनी. सुयोग तुझा नोकर होता का? पगारपत्रक होतं का? कंपनी किंवा भागीदारी काही कागदावर आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नसावी. तसं असेल तर सुयोगनं लिहिलेला कोड आजही सुयोगचाच आहे. तू चोर चोर म्हणतोयस आणि त्याच्या मालकीच्या ओळी तुझ्या गेममध्ये बसल्यात. गेम चालला आणि त्यानं नोटीस पाठवली तर उत्तर तुला द्यावं लागेल. संगीताचंही तेच. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपल्याकडे आले असं नाही. हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी, कलम 19. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास सोपवणंच रद्द होऊ शकतं. तुमचं तर दोन वर्षं रेंगाळलंय! म्हणून ‘जगभरासाठी, संपूर्ण मुदतीसाठी, वर्षाची अट लागू नाही’ हे शब्द हवेत. नेटवरचा नमुना डकवू नकोस, या विषयातल्या वकिलाला एकदा दाखव. मावसभावाच्या ऑब्फस्केटरचे पैसे इकडे लाव.

त्यासाठी सुयोगशी बोलावं लागेल. तो मेसेज तू लिहू शकणार नाहीस असं दिसतंय, म्हणून मीच लिहून देते, तुझ्या भाषेत बदलून घे:

‘सुयोग, दिवाळीत मी जे बोललो त्यातलं निम्मं रागात होतं. गेम पुढे न्यायचाय. तू लिहिलेलं तुझं आहे, हे मला मान्य आहे. त्याचे पैसे किंवा हिस्सा काय ते एकदा बसून ठरवू आणि कागदावर आणू. क्रेडिटमध्ये तुझं नाव राहील. ठरलं की तुझ्याकडची प्रत काढून टाक, तसं कागदातही लिहू. रविवारी फोन करू का?’

त्याच्या लॅपटॉपवरची प्रत खरंच पुसली गेली की नाही हे तुला कधीच कळणार नाही. त्यावर जगात कुठलंही सॉफ्टवेअर नाही. पण ज्याचं नाव क्रेडिटमध्ये आहे आणि ज्याला प्रत्येक विक्रीतून चार पैसे मिळणार आहेत, त्याला गेम फोडायचा कशाला? आणि नव्या नोकरीत ‘आधीच्या मित्राचा कोड पळवलाय’ हे सांगून कुणाचं भलं होत नाही, हे त्यालाही कळतं.

ओंकारचं मात्र आजच कर. त्यानं काहीही केलेलं नसताना एवढे दिवस त्याला संशयित बनवून ठेवलंयस. माणसं फुटतात ती बऱ्याचदा अशीच. गिटहबवर स्वतःच्या नावाच्या प्रायव्हेट रेपोत जोडीदार घेतला की त्याला लिहिण्याचा हक्क मिळतोच, कमी-जास्त करता येत नाही. म्हणून तिथेच फुकटचं ऑर्गनायझेशन, म्हणजे टीमचं सामाईक खातं, उघड, रेपो तिकडे हलव. तिथे कुणी नुसतं वाचायचं, कुणी लिहायचं हे माणसागणिक ठरवता येतं. ओंकारला लिहिण्याचा हक्क दे. संगीतवाल्याला रेपोची गरजच नाही, त्याला ड्राइव्हवर एक फोल्डर पुरे. मुख्य ब्रांचवर कुणीच, तूही, थेट पुश करायचं नाही. 100 एमबीच्या वरची फाइल गिटहब घेत नाही, ओंकारची मोठी चित्रं एलएफएसमध्ये, म्हणजे गिटच्या मोठ्या फाइलींसाठीच्या सोयीत, टाका. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट कर, विंडोजमध्ये सोय असते. रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नकोस (हसू नकोस, लोक करतात).

आणि समजा उद्या खरंच फुटला, तर आधी की बदल, मग बाकी. जिथे टाकलाय तिथला स्क्रीनशॉट, पत्ता, तारीख जपून ठेव आणि त्या साइटला कॉपीराइटची हरकत पाठव. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार घाल. खंडणी मागितली तर देऊ नकोस. सायबरपंक 2077 वाल्या सीडी प्रोजेक्टनं फेब्रुवारी 2021 मध्ये खंडणीची चिठ्ठीच सगळ्यांसमोर टाकली आणि देणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणू शकले, कारण त्यांचे बॅकअप शाबूत होते. कॉपीराइटची नोंदणी करून ठेवलीस तर अशा वेळी कागद हाताशी असतो. 2021 च्या नियमांनुसार त्यासाठी कोडची पहिली 10 आणि शेवटची 10 पानं देतात, अख्खा कोड सरकारदरबारी जाईल ही भीती नको. पण ती सुयोगचा कागद झाल्यावर. अर्जात मालक म्हणून कुणाचं नाव घालणार, ते आधी ठरू दे.

रेपो परत आला की पहिलं क्लोन ओंकारला करू दे, आणि तो करत असताना त्याच्यासमोर बस, चहा घे. पेनड्राइव्ह पुसून आईला दे, भजनं भरून.

– ताई